तक्त्याचं नाव ऐनवेळी कळतं तेव्हा : डेटाबेसला प्रश्न कसा विचारायचा?



जून-जुलैत शाळेच्या कार्यालयात एक संवाद रोज ऐकू येतो. "शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे होता." त्यावर पहिला उलटा प्रश्न ठरलेला, "शाळा कधी सोडली?" साल कळल्याशिवाय कपाटातून कुठली वही काढायची ते ठरत नाही. नुसतं नाव सांगून भागत नाही. नाव वहीच्या आत आहे आणि वही कुठली हेच अजून ठरायचंय. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर शाळांची जुनी जनरल रजिस्टरं उघडली गेली. शोधायचा शब्द माहीत होता, पण तो कुठल्या वहीत सापडेल ते वही उघडेपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं.

संगणकातही हीच अडचण येते. माहिती ज्या तक्त्यात आहे त्याचं नाव प्रोग्रॅम लिहिताना माहीत नसतं. ते प्रोग्रॅम चालू असताना, समोरच्याने वर्ष किंवा इयत्ता निवडल्यावर कळतं. आता तुम्ही म्हणाल, प्राथमिकच्या मास्तरांचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. हल्ली शाळेत, वाचनालयात, पालक संघात छोटे छोटे डेटाबेस तयार व्हायला लागलेत. संगणक शिकणारा कुणाचा तरी भाचा सुट्टीत येतो आणि निकाल बघायचं पान करून देऊन जातो. त्यात आपल्याच मुलांची नावं, जन्मतारखा, आई-वडिलांचे मोबाईल नंबर असतात. ते पान नीट केलंय की नाही, हे त्या भाच्याला विचारण्याइतकं तरी आपल्याला समजायला हवं.

आधी आपल्या रोजच्या एक्सेलपासून सुरुवात करू. बहुतेक शिक्षकांच्या लॅपटॉपवर हजेरीची एक फाईल असते आणि त्यात जून, जुलै, ऑगस्ट अशी महिन्यांची वेगवेगळी पानं असतात. पहिल्या पानावर एका चौकटीत महिना निवडला की खाली त्या महिन्याची उपस्थिती यावी, अशी आपली इच्छा. साध्या सूत्रात पानाचं नाव पक्कं लिहावं लागतं, म्हणजे जुलै लिहिलं तर कायम जुलैच. म्हणून एक्सेलमध्ये आणि गुगल शीटमध्ये इनडायरेक्ट नावाचं सूत्र आहे:

=इनडायरेक्ट("'" & बी१ & "'!डी५")

म्हणजे बी१ या चौकटीत जे अक्षर असेल त्याला पानाचं नाव समज आणि त्या पानावरची डी५ चौकट आणून दे. हे सूत्र फार कामाचं आहे, पण त्याचा एक स्वभाव लक्षात ठेवा. तुम्ही "जुलै" या पानाचं नाव बदलून "जुलै २०२४" केलंत, तर बाकीची साधी सूत्रं आपोआप नवं नाव धरतात. इनडायरेक्ट मात्र जुन्याच नावाला हाक मारत बसतं आणि चौकटीत रेफ अशी चूक दाखवतं. कारण सरळ आहे. साध्या सूत्रातलं नाव एक्सेलला पानाचं नाव म्हणून ओळखीचं असतं. इनडायरेक्टमधलं नाव त्याच्या लेखी नुसती अक्षरं असतात. ही गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचं सगळं सोपं जाईल.

आता डेटाबेस. तक्त्यांनी भरलेलं कपाट समजा. १९७० मध्ये आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड यांनी माहिती अशी तक्त्यांत मांडायची कल्पना मांडली. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. तिच्यातलं एक वाक्य असं दिसतं (संगणकावर रोमन अक्षरांत टंकतात, मी उच्चाराप्रमाणे लिहितोय):

सिलेक्ट नाव, गुण फ्रॉम निकाल_२०२३ व्हेअर हजेरी_क्र = १७

अर्थ: निकाल_२०२३ या तक्त्यातून, हजेरी क्रमांक १७ असलेल्या ओळीतलं नाव आणि गुण दे. पान वापरणारा पालक १७ च्या जागी स्वतःच्या मुलाचा क्रमांक टाकणार. तो आधी माहीत नसतो, म्हणून वाक्यात तिथे प्रश्नचिन्ह ठेवतात:

सिलेक्ट नाव, गुण फ्रॉम निकाल_२०२३ व्हेअर हजेरी_क्र = ?

हे आपलं "रिकाम्या जागा भरा" झालं. वाक्य आधी डेटाबेसला देऊन ठेवायचं आणि क्रमांक मागाहून वेगळा पाठवायचा. पालकाने काहीही टंकलं तरी ते रिकाम्या जागेतच बसतं. वाक्याचा अर्थ बदलत नाही.

मग सहज सुचतं की वर्षही असंच मागाहून देऊ:

सिलेक्ट नाव, गुण फ्रॉम ? व्हेअर हजेरी_क्र = ?

आणि इथे डेटाबेस अडतो. वाक्यरचनेची चूक म्हणून सांगतो आणि पुढे जात नाही. शिकणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, चिन्ह बदलून बघ, कंस टाकून बघ. नेटवर तासन् तास शोधलं तरी युक्ती सापडत नाही, कारण ती नाहीच.

का नाही? प्रश्नपत्रिकेचं उदाहरण घेऊ. उत्तराची जागा रिकामी ठेवून प्रश्नपत्रिका छापता येते. पण वरची विषयाची ओळच रिकामी असेल तर? प्रश्न काढणाऱ्याला विषय माहीत नाही, मग तो प्रश्न कसले काढणार, गुण कसे वाटणार, किती पानं छापणार? डेटाबेसचंही तसंच. वाक्य हातात आल्यावर तो आधी तयारी करतो. हा तक्ता आहे का? यात "गुण" नावाचा रकाना आहे का? हजेरी क्रमांक आकड्यात आहे की अक्षरांत? विचारणाऱ्याला हा तक्ता बघायची परवानगी आहे का? शोध लवकर लागावा म्हणून काही सूची केलेली आहे का? ही तयारी झाल्यावरच तो रिकाम्या जागेतली किंमत मागतो. तक्ताच माहीत नसेल तर यातलं एकही काम सुरू होत नाही. थोडक्यात, १७ ही किंमत आहे आणि निकाल_२०२३ हे नाव आहे. रिकाम्या जागेत किंमत बसते, नाव बसत नाही.

मग एकच वाट उरते. वाक्यच ऐनवेळी तयार करायचं. प्रोग्रॅम "सिलेक्ट नाव, गुण फ्रॉम " एवढी अक्षरं घेतो, त्यापुढे तक्त्याचं नाव चिकटवतो, त्यापुढे उरलेलं वाक्य जोडतो आणि तयार झालेलं वाक्य डेटाबेसला देतो. याला डायनॅमिक एसक्यूएल म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी एक्झिक्यूट आहे, मायएसक्यूएलमध्ये प्रिपेअर, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल. पायथनमध्ये तर नुसतं अधिक चिन्ह टाकून अक्षरं जोडली की झालं. शब्द वेगळे, काम एकच.

इतकं सोपं आहे म्हणूनच सावध राहायला हवं. कारण आता समोरच्याने टंकलेली अक्षरं वाक्याचा भाग होतात, आणि वाक्यात काय आहे ते डेटाबेस निमूटपणे पाळतो.

शाळेशी संबंधित एक व्यंगचित्र यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. रँडल मन्रो यांच्या एक्सकेसीडी या मालिकेतलं ते २००७ सालचं आहे. एका आईने मुलाचं नावच असं ठेवलेलं असतं की त्यात विद्यार्थ्यांचा तक्ता पुसून टाकायची आज्ञा दडलेली आहे. शाळेने ते नाव संगणकात भरलं आणि सगळ्या मुलांच्या नोंदी गेल्या. हसून झाल्यावर लक्षात घ्या, त्या चित्रातला घोळ किंमतीच्या जागी झालेला आहे. तिथे प्रश्नचिन्ह वापरलं असतं तर त्या आईचं काही चाललं नसतं. आपल्या प्रकरणात तोच उपाय बंद आहे.

"तक्ता पुसणारे आमच्या गावात कोण असणार?" असं एखादा म्हणेल. ठीक आहे, पुसणारा सोडून देऊ. मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. समजा पानावर वर्ष टंकायची चौकट आहे. प्रोग्रॅम "निकाल_" असं काही आधी जोडत नाही. चौकटीत जे लिहिलं तेच तक्त्याचं नाव धरतो आणि त्या तक्त्यातले सगळे रकाने दाखवतो. एखाद्या चौकस मुलाने तिथे "पालक" असं टंकलं. वाक्य तयार झालं:

सिलेक्ट * फ्रॉम पालक

यात कुठलीही चलाखी नाही. अर्धविराम नाही, लपवलेली आज्ञा नाही. "पालक" नावाचा तक्ता खरोखर आहे आणि मागणी व्याकरणाने शुद्ध आहे. डेटाबेस गावातल्या सगळ्या आई-वडिलांचे फोन नंबर दाखवून मोकळा होतो.

बरीच मंडळी पहिला उपाय म्हणून नावाला अवतरणचिन्हात घालतात. तो उपाय योग्यच आहे, पण त्याने काय होतं आणि काय होत नाही ते नीट बघू. पोस्टग्रेसमध्ये आणि एसक्यूलाइटमध्ये नाव दुहेरी अवतरणात घालतात, मायएसक्यूएलमध्ये बॅकटिक नावाच्या तिरक्या चिन्हात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकोनी कंसात. हे पाकिटासारखं आहे. आत काहीही लिहिलेलं असलं, जागा सोडलेली असली, अर्धविराम असला, तरी डेटाबेस त्या सगळ्याला मिळून एकच नाव समजतो. "इयत्ता ५ वी अ" असं जागा सोडून ठेवलेलं नाव पाकिटाशिवाय चालतच नाही. आतल्या नावातच अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहायचं, नाहीतर पाकीट मध्येच उघडेल. हे हाताने करू नये. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी क्वोट_आयडेंट आहे, फॉरमॅटमध्ये "%आय" ही खूण आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वोटनेम आहे. तक्ता पुसायची दडवलेली आज्ञा पाकिटाने थांबते. पण "पालक" हे नाव पाकिटात घातलं तरी ते "पालक"च राहतं. फोन नंबर तसेच बाहेर येतात.

मराठी नावांचा एक वेगळाच खोडा आहे. तो मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण इंग्रजीत लिहिलेल्या शिकवण्यांत तो सहसा येत नाही. डेटाबेसमध्ये तक्त्याला मराठी नाव देता येतं. मातृभाषेत नाव दिलं की बरंही वाटतं. पण पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटचं असतं, त्यामुळे तिकडे ६३ अक्षरं मावतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम २१ चिन्हं. आता हे नाव बघा:

इयत्ता_पाचवी_वार्षिक_निकाल_२०२३

यातला साल सोडून आधीचाच भाग ७२ बाइटांचा होतो. पोस्टग्रेस ६३ च्या पुढचं कापून टाकतो. एक सूचना तेवढी देतो, काम थांबवत नाही. कापताना नेमकं काय गेलं? साल! त्यामुळे २०२२ आणि २०२३ ही दोन्ही नावं कापल्यावर एकच होतात. "तक्ता नसेल तर तयार कर" अशी आज्ञा दिलेली असेल तर दुसऱ्या वर्षी नवा तक्ता होतच नाही. दोन्ही वर्षांची मुलं एकाच तक्त्यात जाऊन बसतात. पालकाने २०२२ निवडलं, हजेरी क्रमांक १७ टाकला, तर समोर कदाचित २०२३ च्या १७ व्या मुलाचे गुण येतील. आणि चूक म्हणून कुठेही लाल अक्षर दिसणार नाही.

दुसरा खोडा डोळ्यांना दिसतच नाही. "दुसऱ्या_सत्राचे_गुण" यातला "ऱ्या" दोन प्रकारे टंकता येतो. एका कीबोर्डवर त्यासाठी खास ऱ असतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी दोन वेगळी नावं. तक्ता समोर दिसतोय आणि डेटाबेस म्हणतो, असा तक्ताच नाही!

माझं मत विचाराल तर, तक्त्यांची खरी नावं छोटी, साधी आणि रोमन अक्षरांत ठेवावीत. माणसांना दाखवायची मराठी नावं वेगळी लिहून ठेवावीत. मराठीचा अभिमान तक्त्याच्या नावात दाखवण्यापेक्षा तक्त्याच्या आत दाखवावा. तिथे लांबीचं बंधन नाही.

हे वेगळं लिहून ठेवणं म्हणजेच खरा उपाय. आपल्याकडे कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलेला असतो. वरच्या कप्प्यात काय, खालच्यात काय. तशी एक यादी प्रोग्रॅमजवळ असावी. डाव्या बाजूला माणसाला दिसणारं ("२०२३, पाचवी, वार्षिक"), उजव्या बाजूला तक्त्याचं खरं नाव. पानावर टंकायची चौकट ठेवायचीच नाही. निवडायची यादी ठेवायची. माणूस तिसरा पर्याय निवडतो, प्रोग्रॅमकडे फक्त ३ हा आकडा येतो. तो यादीत बघतो आणि उजवीकडचं नाव वाक्यात घालतो. यादीत नसलेला आकडा आला तर काम तिथेच थांबवतो. बाहेरून आलेलं एकही अक्षर वाक्यात शिरत नाही. "पालक" या यादीतच नाही, मग कितीही वेळा टंका. एक्सेलमधल्या इनडायरेक्टलाही हाच नियम लावा. बी१ मध्ये डेटा व्हॅलिडेशनने महिन्यांची यादी लावली की रेफचा त्रास बराच कमी होतो.

आपल्या वारणेला डेटाबेसला प्रश्न विचारणं काही नवीन नाही. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती १९९८ मध्ये "वारणा वायर्ड व्हिलेज" प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था त्यात होत्या. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं त्यात घेतली होती. गावातल्या केंद्रावर संगणक असायचा आणि ऊस उत्पादकाला आपल्या उसाची माहिती तिथे मिळायची. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर हेच करून पाहिलं. त्याला नाव दिलं "वारणा अनवायर्ड", आणि त्यावरचा त्यांचा लेख २००७ चा आहे. आपल्या विषयासाठी हे उदाहरण नामी आहे. समजा आज आपण अशी एसएमएस सेवा लिहायला बसलो. शेतकरी "ऊस" लिहून पाठवेल, "खत" लिहून पाठवेल, कुणी "खात" लिहील, कुणी नातवाच्या हातात फोन देईल. बाहेरून येतो तो नुसता मजकूर, आणि त्यावरून कुठल्या तक्त्यात बघायचं ते ऐनवेळी ठरवायचंय. तो मजकूर तसाच तक्त्याचं नाव म्हणून वापरायचा नसतो. "ऊस" आला तर वजनाचा तक्ता, "खत" आला तर खताच्या उधारीचा तक्ता, आणि दुसरं काहीही आलं तर "समजलं नाही, पुन्हा पाठवा". जोडी आपण ठरवलेली, शेतकऱ्याने फक्त निवडलेली.

आता मुळाशी जाऊ. दरवर्षी नवा तक्ता करायची ही सवय आली कुठून? कागदावरून. नवीन वर्ष, नवीन हजेरीपत्रक. कागदावर ते बरोबरच आहे. वही भरते, फाटते, वर्गशिक्षक बदलतो. पण आपल्याच कार्यालयात दुसऱ्या पद्धतीची वहीही आहे, जनरल रजिस्टर. त्यात साल बदललं म्हणून क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत नाही. नोंद पुढे पुढे चालू राहते आणि प्रवेशाची तारीख हा त्यातला एक रकाना असतो. हजेरीपत्रकात साल वहीच्या मुखपृष्ठावर आहे, जनरल रजिस्टरमध्ये साल ओळीच्या आत आहे. डेटाबेस करताना जनरल रजिस्टरची रीत घ्यावी. "निकाल" नावाचा एकच तक्ता आणि त्यात "वर्ष" हा रकाना:

सिलेक्ट नाव, गुण फ्रॉम निकाल व्हेअर वर्ष = ? अँड हजेरी_क्र = ?

बघा, साल आता किंमत झालं. रिकाम्या जागेत बसलं. मघाचा सगळा घोळ, पाकीट, यादी, ६३ बाइट, यातलं काहीच लागत नाही. शाळांचा यूडायस क्रमांकही असाच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक २७३४ ने सुरू होतो, २७ म्हणजे महाराष्ट्र आणि ३४ म्हणजे कोल्हापूर. राज्य आणि जिल्हा किंमतीच्या आत लिहिलेले आहेत, त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी वही लागत नाही.

हा फरक नुसत्या सोयीचा नाही. पहिलीत अक्षरओळखीत मागे राहिलेलं मूल चौथीत कुठे आहे, हे बघायचं तर चार वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी यायला हव्यात. वर्षागणिक तक्ते वेगळे असले की चार नावं ऐनवेळी गोळा करून जोडायची, आणि कामाच्या गडबडीत ते कुणी करत नाही. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या मुलांचं तर याहून अवघड. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की मूल इकडे येतं, हंगाम संपला की बीड-जालन्याकडे परत जातं. अर्धं वर्ष एका शाळेच्या तक्त्यात, अर्धं दुसऱ्या. शाळेचं नाव हेच तक्त्याचं नाव असेल, तर त्या मुलाने वर्षभरात काय शिकलं हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

"आमचे तक्ते आधीच वेगवेगळे झालेत, आता काय?" हा प्रश्न येणारच. सगळं मोडून नव्याने करायची गरज नाही. डेटाबेसमध्ये व्ह्यू नावाची सोय असते, म्हणजे नुसता दिसणारा तक्ता:

क्रिएट व्ह्यू सर्व_निकाल ॲज
सिलेक्ट २०२२ ॲज वर्ष, नाव, गुण फ्रॉम निकाल_२०२२
युनियन ऑल
सिलेक्ट २०२३ ॲज वर्ष, नाव, गुण फ्रॉम निकाल_२०२३

यापुढे सगळे प्रश्न सर्व_निकाल यालाच विचारायचे. दरवर्षी निकालानंतर यात दोन ओळी वाढवायच्या, तेवढंच काम. "युनियन ऑल" मधला "ऑल" मात्र विसरू नका. नुसतं "युनियन" लिहिलं तर डेटाबेस सारख्या ओळी एक करून टाकतो. एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुलं आणि दोघांनाही ७२ गुण, असं आपल्याकडे सहज होतं. त्यातलं एक मूल यादीतून गायब होईल. तक्ता फारच मोठा होईल अशी भीती असेल तर पोस्टग्रेसने २०१७ मध्ये, १० व्या आवृत्तीत, एकाच नावाच्या तक्त्याचे आतल्या आत वर्षवार तुकडे करायची सोय दिली आहे. बाहेरून नाव एकच राहतं. प्राथमिक शाळेला तेवढी वेळ येईल असं वाटत नाही!

तरीसुद्धा काही कामं अशी आहेत की तिथे नाव ऐनवेळीच कळणार. उदाहरणार्थ, मार्चअखेर सगळ्या तक्त्यांत किती किती नोंदी आहेत ते मोजायचंय आणि बॅकअपशी ताळा घ्यायचाय. तक्ते किती आणि कुठले हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत नाही, असायचं कारणही नाही. इथे डेटाबेसची एक सुंदर सोय उपयोगी पडते. तक्त्यांची यादी ही स्वतःच एक तक्ता असते. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती इन्फर्मेशन_स्कीमा.टेबल्स या नावाने मिळते, एसक्यूलाइटमध्ये एसक्यूलाइट_मास्टर या नावाने. प्रोग्रॅम आधी या यादीला विचारतो, तुझ्याकडे कुठले तक्ते आहेत? मग एकेक नाव घेतो, पाकिटात घालतो आणि मोजणीचं वाक्य तयार करतो:

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम "इथे नाव"

नावं डेटाबेसनेच दिलेली, म्हणून ती खरी असतात. पण हीच यादी निकालाच्या पानावर "नाव बरोबर आहे का" हे तपासायला वापरू नका. या यादीत "पालक"ही आहे. तक्ता अस्तित्वात असणं आणि तो लोकांना दाखवण्याजोगा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट फक्त आपण केलेल्या यादीत लिहिलेली असते.

जो भाचा पान करून देणार आहे त्याला आणखी एक सांगा. डेटाबेसमध्ये त्या पानासाठी वेगळं खातं काढ, आणि त्या खात्याला फक्त निकालाचे तक्ते वाचायची परवानगी दे. लिहायची नाही, पुसायची नाही, "पालक" बघायची तर नाहीच. ग्रँट सिलेक्ट या आज्ञेने हे दोन मिनिटांत होतं. मग उद्या यादीत काही गफलत झाली तरी डेटाबेस स्वतःच नकार देईल. एसक्यूलाइटमध्ये खाती नसतात. तिथे निकालाची फाईल वेगळी करायची, पालकांची वेगळी, आणि निकालाची फाईल फक्त वाचण्यापुरती उघडायची.